पाडव्याचं साल आणि पहिल्या तारखेचा पगार

पगार हा शब्द आमच्या गावात तसा उशिरा आला. त्याच्या आधी बलुतं होतं, साल होतं, रोज होता, आणि मोठ्या वाड्यात राबणाऱ्याला कधी कधी नुसतं दोन वेळचं खाणं होतं. जवळा बाजार हे नावातच बाजार असलेलं गाव. परभणी, वसमत, औंढा अशा तिन्ही बाजूंनी माणसं इथं येतात, त्यामुळं आसपासच्या खेड्यांपेक्षा रोख पैसा इथं थोडा आधी खुळखुळला. तरीपण माझ्या आज्याच्या तरुणपणी महिन्याच्या महिन्याला पैसे हातात पडणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती. शाळेतला मुदर्रिस, पोलीस ठाण्यातले जवान आणि कचेरीतली एकदोन माणसं. बाकी सगळं गाव सुगीवर जगायचं.

तो जमाना निजामाचा. आजा रुपयाचे दोन प्रकार सांगायचा, एक हाली आणि एक कलदार. हाली शिक्का निजामाचा, कलदार इंग्रजाचा. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, तिथं इंग्रजाचा कारभार. आमच्या भागातले मजूर कापूस वेचायला नदीपल्याड जायचे, कारण तिकडं कलदार मिळायचा आणि रोजही थोडा जास्त असायचा. काम तेच, कापूस तोच, हातही तेच. नदी ओलांडली की त्या हातांची किंमत बदलायची. आज आमची पोरं चाकणला जातात ते याच वाटेनं, फक्त वाट लांबली.

बलुत्याबद्दल आता लोक फार गोड बोलतात. गाव कसं एकमेकांना धरून होतं, पैशाशिवाय कसं चालायचं, वगैरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. तो वाचल्यावर कळतं की गाडा चालत होता खरा, पण जुवाखाली कोण होतं आणि वर बसलेलं कोण होतं. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि खळ्यावरचा वाटा ओळीप्रमाणं ठरायचा. एखादा सुतार हुशार निघाला, त्याचं औत जास्त टिकलं, म्हणून त्याला चार पायल्या जास्त मिळत नव्हत्या. उलट मालकाची मर्जी फिरली तर खळ्यावरून हात हलवत परत जावं लागायचं. काम आधी, वर्षभर, आणि मोबदला सुगीत, तोही देणाऱ्याच्या हातानं. यात घासाघीस करायची सोय नव्हती. ज्यांना ओळीत जागा होती पण गावात मान नव्हता, त्यांना तर वाट्यासाठी हात पसरून उभं राहावं लागायचं, तेही लांब.

निजामाच्याच राज्यात तेलंगणाच्या बाजूला ‘भागेला’ नावाची चाल होती. कर्ज घेतलं म्हणून माणूस सावकाराच्या घरी वर्षानुवर्षं राबायचा, कधी बापाच्या कर्जात पोरगाही. १९३६ साली निजाम सरकारनं त्यावर कायदा केला. आमच्याकडं हा शब्द फारसा नव्हता, पण लग्नासाठी उचल घेऊन सालावर सालं फेडणारे गडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. वेठबिगारीचा देशभराचा कायदा १९७६ साली आला.

आमच्या गावात पहिल्यांदा पगारदार झाले ते कोण, हे पाहिलं की मला नवल वाटतं. जमीन असलेल्यांनी पोरं वावरात ठेवली. ज्यांना जमीन नव्हती आणि खळ्यावर लांब उभं केलं जायचं, त्यांनी पोरं शाळेत घातली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५६ साली धम्मदीक्षा झाली, आणि गावकीची कामं सोडून द्यायची हवा खेड्यापाड्यांत पोचली. त्या वस्तीतली पोरं बाहेर पडली, कुणी मास्तर झालं, कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत. पुढं त्यातलाच एकजण सुट्टीला इस्त्रीचे कपडे घालून आला तेव्हा बारा एकरांचा मालक पारावर बसून म्हणाला होता, “शिकलं म्हणून काय झालं, शेवटी चाकरीच की.” उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी ही म्हण त्या मालकाला पाठ होती. त्याचा नातू आता शिपायाच्या जागेसाठी अर्ज भरतो.

आता सालाचं सांगतो, कारण ते मला जवळून माहीत आहे.

सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. पाडव्याच्या आधी आठ-पंधरा दिवस गावात एकच विषय असतो, कुणाचा गडी कुणाकडं चालला. माझ्या वडलांच्या वेळी, म्हणजे १९७४-७५ च्या सुमाराला, आमच्या गड्याचं साल सहाशे-सातशे रुपयांत ठरायचं. त्याशिवाय महिन्याला ज्वारी, वर्षाला एक धोतर, एक बंडी, चामडी जोडा आणि थंडीला घोंगडी. बोलणं वडलांपुढं व्हायचं, साक्षीला दोन माणसं असायची, कागद नसायचा. गडी वयानं वडलांपेक्षा मोठा, आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. तो मात्र वडलांना मालकच म्हणायचा.

“मालक, औंदा पन्नास वाढवा. लेकीचं करायचंय.”

“वाढवतो. पण खाडे धरीन.”

खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस. ताप आला तरी खाडा, मयतीला गेला तरी खाडा. साल संपलं की खाडे मोजले जायचे आणि तेवढे दिवस पाडव्यानंतर भरून द्यावे लागायचे, नाहीतर पैसे कापले जायचे. वडील दिलदार होते, अर्धे खाडे सोडायचे. पण सोडायचे म्हणजे त्यांच्या हातात होतं. मामाचा दिवस पहाटे चारला बैलांच्या वैरणीपासून सुरू व्हायचा आणि रात्री आखाड्यावर जागलीला संपायचा. सुट्टी पोळ्याला, ती बैलांसंगं.

त्याच्या बायकोचं साल कुणी ठरवत नव्हतं. ती आमच्या घरचं शेण काढायची, सडा टाकायची, सणावाराला दळण करायची. हे सगळं सालातच धरलेलं. आजच्या भाषेत एका पगारात दोन नोकर.

आज साल सव्वा लाखापासून दीड लाखापर्यंत गेलंय. धोतर-घोंगडी गेली, मोबाईलचं रिचार्ज आलं. गडी सकाळी आठला येतो, संध्याकाळी सहाला जातो, जागलीचे वेगळे सांगतो. पारावर बसलेले शेतकरी यावर फार चिडतात. ‘गडी माजले’ हे वाक्य पाडव्याच्या सुमाराला दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. मला ते पटत नाही. दीड लाख म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. पोळ्याची एक सुट्टी सोडून वर्षभर राबणाऱ्या माणसाला साडेबारा हजार जास्त वाटत असतील, तर खोट गड्यात नाही, आपल्या वावराला तेवढं परवडत नाही यात आहे. त्या गोष्टीवर पुढं येतोच.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पिकलं नाही तर गड्याला घालणार काय, म्हणून कितीतरी मालकांनी गडी मोकळे केले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच मालक त्याच गड्यांच्या शेजारी बसून खडी फोडत होते. मजुराची आणि मालकाची मजुरी सारखी झाल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. राज्यभरात १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती म्हणतात. आमच्याकडं रस्ते, नाल्यांचे बांध, पाझर तलाव अशी कामं निघाली. चौकड्या खोदायच्या, मिस्त्री टेप लावून माप घ्यायचा, मस्टरवर अंगठा आणि आठवड्यानं पैसे. दिवसाला दोन-अडीच रुपये सुटायचे. पोरांना सुकडी मिळायची. मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी यायची, तिची भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची.

माझी माय त्या कामावर गेली. पाटलीण नव्हे, पण घरंदाज बाई, तोपर्यंत दुसऱ्याच्या कामावर कधी गेली नव्हती. पहिल्या आठवड्याचे पैसे तिनं पदराच्या गाठीत बांधून आणले आणि वडलांसमोर ठेवले. वडील म्हणाले, “राहू दे तुझ्याजवळच.” दुष्काळात घरात वाईट म्हणावं असं पुष्कळ घडलं, बैलजोडी विकली, आजी गेली. पण मायच्या हातात तिच्या नावानं पैसा आला तो त्याच उन्हाळ्यात. आणि काम मापावर होतं, बाई म्हणून कमी आणि गडी म्हणून जास्त असं मस्टरवर नव्हतं. जेवढी चौकडी, तेवढे पैसे.

ही कल्पना एका माणसाची. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली त्यांनी तासगावात हा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम देणं सरकारला बांधील झालं. यासाठी पैसा कुठून आणायचा, तर पगारदारांकडून. १९७५ साली व्यवसाय कर बसला. आजही पगारदाराच्या कागदावर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० अशी कपात दिसते, वर्षाला २,५००. शहरातल्या कितीतरी माणसांना हा कर कशाचा हेच माहीत नसतं. तो सुरुवातीला माझ्या मायसारख्या बायांच्या चौकडीसाठी लावलेला होता. पगार आणि रोज यांना सरकारनं असं एका दोरीनं बांधल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. पुढं दिल्लीनं हीच योजना उचलली. २००५ साली कायदा, फेब्रुवारी २००६ पासून देशातल्या २०० जिल्ह्यांत सुरुवात. पहिल्या खेपेत आमचा हिंगोली जिल्हा होता. पहिल्या खेपेत नाव येणं म्हणजे मागास ठरणं, तेव्हा कौतुकानं सांगायची गोष्ट नव्हे.

समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला. सरकारी कामावर तो पाळला गेला, आमच्या वावरात नाही. मी दहावी होऊन शेतीत आलो तेव्हा, १९७८ च्या आसपास, गड्याला तीन रुपये रोज होता आणि बाईला दीड. आज आमच्याकडं गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे. अर्ध्याचं तीन पंचमांश व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. विचारलं तर शेतकरी म्हणतो, गड्याचं काम जड असतं. हळद काढायला वाकलेल्या बाईच्या कमरेला विचारा म्हणावं. म्हणून बाया आता हुशार झाल्यात, रोजानं येतच नाहीत, गुत्तं घेतात. दहाजणींची टोळी, एकरी भाव ठरवून सोयाबीन काढणार, आणि तिघी असतील तिथं दोघींत उरकून पैसे वाटून घेणार. गुत्त्यात बाईगडी हा भेद राहत नाही. कायद्यानं जे झालं नाही ते गुत्त्यानं थोडंफार केलं.

आता शिक्षणाचं. आमच्या दहावीच्या वर्गातून तिघं डी.एड.ला गेले. मी गेलो नाही, वडलांना पाण्याखालच्या रानात माणूस पाहिजे होता. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या भागात फिरलं होतं आणि ज्याच्या रानाला पाणी त्याला नोकरीची काय गरज, असं तेव्हा खरोखरच वाटायचं. वेडेपणा नव्हता तो. हिशोबच तसा होता. मास्तराच्या पगारापेक्षा दोन पाण्याचा ऊस आणि केळी यांत जास्त सुटत होतं. १९७७ च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी केंद्रासारखा महागाई भत्ता मागत ५४ दिवसांचा संप केला. त्या दिवसांत आमच्या गावचे गुरुजी आमच्याच घरून ज्वारी उसनी नेत होते. ते मला आठवतं, त्यांनाही आठवत असेल.

मग पारडं कधी फिरलं? मी एकदा ते ज्वारीत मोजून पाहिलं. पैशात मोजलं तर आपण फसतो, सगळेच आकडे वाढलेले दिसतात. चौथ्या वेतन आयोगानं १ जानेवारी १९८६ पासून केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार ७५० रुपये केला. त्या वर्षी ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला १३२. म्हणजे शिपायाच्या महिन्याच्या मूळ पगारात पावणेसहा क्विंटल ज्वारी यायची. पाचव्या आयोगात, १९९६ ला, तो २,५५० झाला, सहाव्यात, २००६ ला, ७,०००, आणि सातव्या आयोगात, २०१६ ला, १८,०००. २०१६ साली ज्वारीचा हमीभाव १,६२५. अठरा हजारांत अकरा क्विंटल. तीस वर्षांत शिपायाचा पगार चोवीस पट झाला आणि माझी ज्वारी बारा पट. शिपायानं काही चोरलं नाही. त्याचा आयोग दर दहा वर्षांनी बसतो आणि त्याची माणसं आकडेमोड करून आत जातात. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सरकारी नोकरांचे पगार, पेन्शनी आणि शेतकऱ्याचं अंगावरचं फडकं शेजारी शेजारी मांडून दाखवलं होतं. तेव्हा गोरा साहेब होता. साहेब बदलला, मांडणी बदलली नाही.

मजुराचंही ज्वारीत मोजायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९७८ साली बाईच्या दीड रुपयात दोन किलोच्या आतच ज्वारी यायची. आज तिच्या तीनशेत दहा किलो येते. पाचपट. शिपाई दुप्पट वर गेला, मजूर बाई पाचपट वर आली, आणि तरी ती शिपायाच्या खालीच आहे, इतकी ती खाली होती. ज्वारी पिकवणारा तेवढा जागेवर राहिला.

पण शिकलं की पगार मिळतो, हेही अर्धंच खरं राहिलं. २००० साली शिक्षणसेवक आले. प्राथमिकच्या मास्तराला तीन वर्षं महिना ३,००० रुपये. पुढं ते ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,०००. मधल्या काळात डी.एड. कॉलेजांचं पीक असं आलं की दर मोठ्या गावात एक. लोकांनी वावर विकून पोरं भरती केली. २०१२ मध्ये शिक्षकभरतीच थांबली, ती पवित्र पोर्टलवरून पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. तोवर त्या पोरांची लग्नाची वयं उलटली होती.

त्याहून वाईट गत विनाअनुदानित शाळांतल्या मास्तरांची. माझ्या भावकीतला एक पोरगा एम.ए., बी.एड. एका संस्थेत लागला, लागताना आठ लाख भरले. दोन एकर गेले. शाळेला अनुदान नव्हतं, ‘आज ना उद्या मिळेल’ यावर तेरा वर्षं काढली. त्या तेरा वर्षांत पगार शून्य. सकाळी दहा ते पाच शाळेत इतिहास शिकवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी लांबच्या गावात, ओळख लागणार नाही अशा ठिकाणी, हळद काढायला जायचा. त्याच्या वर्गातले दोन पोरं एकदा त्याच टोळीत निघाले. पोरांनी काहीच विचारलं नाही, “सर” म्हणून पाणी दिलं. त्यानंच मला हे सांगितलं, तेही हसत. २०१६ पासून अशा काही शाळांना वीस टक्क्यांनी अनुदान सुरू झालं, म्हणजे पूर्ण कामाला पगाराचा पाचवा हिस्सा. त्याला कळेना की आनंद मानावा की नाही. कॉलेजांतले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तर पीएच.डी. झालेले असतात. त्यांना तासावर पैसे, आमच्या ट्रॅक्टरसारखे. ट्रॅक्टरला निदान डिझेल घालणारा वेगळा असतो.

प्रदेशाचं गणित तर आणखी निराळं. एकच काम, एकच कायदा, पण राज्य बदललं की मोल बदलतं. २०२४-२५ मध्ये केंद्राच्या रोजगार हमीचा दर महाराष्ट्राला २९७ रुपये होता. हरियाणाला ३७४, गोव्याला ३५६, शेजारच्या कर्नाटकाला ३४९, मध्य प्रदेशाला २४३. देगलूरच्या अलीकडचा खड्डा आणि पलीकडचा खड्डा यांत बावन्न रुपयांचा फरक. माती बहुतेक एकच असावी. पगारदारांनाही हा फरक आहे, पण तो घरभाड्याच्या नावानं. सातव्या आयोगात सुरुवातीला मोठ्या शहरात मूळ पगाराच्या २४ टक्के मिळायचे, मधल्या शहरात १६ आणि आमच्यासारख्या ठिकाणी ८. शहरात राहणं महाग, हे कबूल. पण आमच्याकडून शहरात जाणाऱ्या मजुराला हा न्याय कुणी लावत नाही. चाकणला कंत्राटावर लागलेला आमचा पोरगा खोलीभाडं, मेस आणि गावी यायचं भाडं वजा करून जे घरी पाठवतो, ते सालगड्याच्या सालापेक्षा फार जास्त भरत नाही. तरी तो परत येत नाही. तिकडं खाडा धरला तरी तो मशीन धरतं, पाटील धरत नाही, असं तो म्हणतो.

ऊसतोडीला जाणारे आमच्याकडचे कमी, बीडकडचे जास्त, पण आमच्या औंढा-सेनगावच्या डोंगराळ भागातले तांडेच्या तांडे जातात. तिथं मोजणी माणसाची नाही, कोयत्याची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि हिवाळा-उन्हाळा टनावर फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही मोठी ओरड झाल्यावर. यंत्रानं तोडलेल्या टनाला कारखाने जास्त दर देतात आणि माणसानं तोडलेल्या टनाला कमी, हा तोडणाऱ्यांचा मुद्दा होता, आणि त्याला कुणाकडं उत्तर नव्हतं. सालगड्याच्या बायकोचं शेण काढणं सालात धरलेलं असायचं, तसं इथं बायकोचं मोळ्या वाहणं कोयत्यात धरलेलं.

मराठवाडा मागं का, हा प्रश्न काही नवा नाही. १९५३ च्या नागपूर करारात नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देऊ असं लिहिलेलं होतं. १९७४ साली मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं ते विकासासाठी आणि नोकऱ्यांसाठीच. दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, मंडळं झाली. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर पगार आले आणि पगारांबरोबर प्लॉटचे भाव. दरडोई उत्पन्नाच्या यादीत मात्र नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आम्ही तळाशीच असतो.

राहिला तो शेतकरी, म्हणजे मी. मला पगार किती?

सरकार हे मोजतं. हमीभाव काढताना बी, खत, फवारणी, मजुरी हा खर्च धरतात आणि त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे पैसे मिळवतात. पण ते श्रम धरतात शेतमजुराच्या रोजाप्रमाणं. म्हणजे आभाळ बघायचं, कर्ज काढायचं, बी कोणतं घ्यायचं ते ठरवायचं, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला जायचं, बाजारात भाव बघायचा, या सगळ्या कारभाराची किंमत शून्य. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न देशात सरासरी १०,२१८ रुपये निघालं. महाराष्ट्रात ११,४९२, पंजाबात २६,७०१, झारखंडात ४,८९५. आणि त्या दहा हजारांतले पिकातून आलेले ३,७९८, दुसऱ्याकडं काम करून मिळवलेले ४,०६३. कागदावर शेतकरी म्हणून नोंद, पण घर चालतं मजुरीवर.

माझी वही माझ्याकडं आहे. २०२४ च्या खरिपात एक एकर सोयाबीनचा हिशोब असा. बी ३,०००, खत २,८००, नांगरट-पेरणी ट्रॅक्टरनं ३,७००, फवारणी ३,५००, निंदायला बारा बाया ३,६००, काढणीचं गुत्तं ४,०००, मळणी १,७५०, मार्केटपर्यंत गाडी ५००. एकूण २२,८५०. झालं सात क्विंटल. हमीभाव ४,८९२ होता, पण मला पैशाची नड होती आणि माल ओला म्हणत होते, म्हणून इथंच ४,१०० नं घातला. आले २८,७००. उरले ५,८५०. त्या एकरात माझे तीस दिवस गेले, घरच्या लक्ष्मीचे पंधरा. भागाकार केला तर माणशी रोज १३० रुपये. त्याच वावरात निंदायला आलेल्या बाईला मी तीनशे दिले.

हा हिशोब मी गेल्या साली पाहुण्यांसमोर मांडला नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोरगा बी.एस्सी., निर्व्यसनी, आठ एकर पाण्याखालची जमीन. मुलीच्या बापालाही शेतीच होती. चहा झाला, सुपारी झाली.

“पाव्हणं, पोरगा करतो काय?”

“शेती करतो. हळद आहे, सोयाबीन आहे.”

“ते हाय हो. पण पगार किती म्हणलं?”

मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. बारावी झालेली, पुढं नर्सिंगला जायचं म्हणत होती. मी म्हणालो, महिन्याचं असं सांगता येत नाही, वर्षाचं सांगतो. बाप समजूतदार होता. त्यानं वर्षाचं विचारलं नाही. पुतण्या आता पुण्यात एका गोदामात आहे, महिना अठरा हजार, दोन पाळ्या. औंदा पाडव्याला त्याच्या आठ एकरांसाठी सालगडी बघायला मीच गेलो. गड्यानं एक लाख चाळीस हजार सांगितले, मी एक लाख तीसला तोडलं, आणि खाडे महिन्याला दोन सोडायचे ठरले.